पापणिक सुत्तातला दुकानदार : धंदा सुरू करण्यापूर्वीचा धम्मपाठ





अष्टांगिक मार्गातली सम्यक आजीविका आपण बहुतेक वेळा नोकरीच्या अंगाने समजून घेतो. प्रामाणिकपणे काम करावे, कुणाला फसवू नये, मिळेल त्या पगारात समाधान मानावे, असा तिचा अर्थ आपल्या बोलण्यात येतो. या पाठात तीच सम्यक आजीविका आपण दुकानाच्या अंगाने पाहणार आहोत.

कारणही तसेच आहे. आखातात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या मनात चाळिशी ओलांडली की एक विचार घर करतो. इथला व्हिसा नोकरीला बांधलेला. पेन्शन नाही. नोकरी सुटली की हातात पडते ती ग्रॅच्युइटी : पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा आणि त्यापुढच्या दर वर्षाला ३० दिवसांचा मूळ पगार. तेवढ्या पैशांत खोर फक्कानला एखादा कॅफेटेरिया टाकावा, मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढावे, एसी मेंटेनन्सचा परवाना घ्यावा, असे वाटू लागते. पण त्याच रकमेवर मुलांचे शिक्षण, गावाकडच्या घराचा हप्ता आणि आई-वडिलांचे औषधपाणीही टेकलेले असते. म्हणून हा निर्णय नुसत्या हिमतीवर सोडून चालत नाही. तो प्रज्ञेने तपासावा लागतो.

नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा, हे वाक्य आपण समाजाच्या कार्यक्रमांत ऐकतो. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात स्थापन केलेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीने, म्हणजे 'डिक्की'ने, हा विचार देशभर नेला. डबघाईला आलेली कमानी ट्यूब्स उभी करणाऱ्या कल्पना सरोज यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. ही उदाहरणे खरी आहेत आणि आपल्याला त्यांचा अभिमान आहे. मात्र व्यासपीठावरून यश सांगितले जाते, महिन्याच्या एक तारखेला द्यायचे भाडे सांगितले जात नाही. आजचा पाठ त्या एक तारखेबद्दल आहे.

१. तथागतांनी सांगितलेला दुकानदार

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात 'पापणिक' नावाची दोन छोटी सुत्ते लागोपाठ येतात. पापणिक म्हणजे दुकानदार. 'पाप' या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. 'आपण' म्हणजे दुकान. आपल्या मराठीतल्या 'विपणन' या शब्दातही तेच आहे.

दोन्ही सुत्तांत भगवान बुद्ध भिक्खूंशी बोलत आहेत आणि त्यांना साधना कशी करावी हे समजावताना दुकानदाराचा दाखला देत आहेत. पहिल्या सुत्तात ते सांगतात की जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आपल्या कामात मन लावून लक्ष घालत नाही, तो नवे धन मिळवू शकत नाही आणि मिळवलेले वाढवूही शकत नाही. दुसऱ्या सुत्तात यशस्वी दुकानदाराची तीन अंगे सांगितली आहेत. तो 'चक्खुमा' असतो, म्हणजे त्याला डोळा असतो. तो 'विधुर' असतो, म्हणजे खरेदी-विक्रीत कुशल असतो. (मराठीत पत्नी वारलेल्या पुरुषाला विधुर म्हणतात, तो अर्थ इथे नाही.) आणि तो 'निस्सयसंपन्न' असतो, म्हणजे त्याला आधार असतो.

डोळा, कौशल्य आणि आधार. तिन्ही असतील तर धंदा वाढतो. आता एकेक अंग आपल्या परिस्थितीला लावून पाहू.

२. डोळा : आकडा दिसला पाहिजे

सुत्तात डोळा असण्याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. हा माल इतक्याला घेतला, इतक्याला विकला तर इतके मूळ येईल आणि इतका नफा होईल, हे ज्याला कळते तो डोळस. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या सुत्तात नफा-तोट्याचा हिशेब धंद्याच्या पहिल्या पायरीवर ठेवला आहे.

आपण एक उदाहरण मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गल्लीतले आकडे तुम्ही स्वतः चौकशी करून घाला. समजा, छोटा कॅफेटेरिया आहे. महिन्याचे भाडे ३,००० दिरहम. दोन कामगारांचा पगार प्रत्येकी १,८०० प्रमाणे ३,६००. त्यांची खोली आणि जेवण १,०००. वीज-पाणी ९००. परवाना, व्हिसा, विमा वगैरे वर्षाचा १८,००० खर्च, म्हणजे महिन्याला १,५००. एकूण १०,००० दिरहम. दुकानात एकही माणूस आला नाही तरी हे १०,००० जाणारच आहेत.

आता एक गिऱ्हाईक सरासरी ८ दिरहमचे खातो-पितो असे धरा. त्यातले ३ दिरहम दूध, साखर, पीठ, तेल, गॅस, कागदी कप यांत जातात. उरतात ५. म्हणजे १०,००० भरून काढायला महिन्याला २,००० गिऱ्हाइके हवीत; दिवसाला साधारण ६७. एवढी आली तर तुमच्या हातात किती उरले? शून्य. घरासाठी निदान ४,००० हवे असतील तर २,८०० गिऱ्हाइके लागतील. दिवसाला ९३ किंवा ९४.

आता कागद बाजूला ठेवा आणि ज्या जागेचा विचार करता आहात तिथे जाऊन बसा. आठवड्याचे सातही दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, समोरून किती माणसे जातात आणि शेजारच्या दुकानात किती वळतात ते मोजा. सुत्तातल्या तीन वेळा इथे शब्दशः उपयोगी पडतात.

खोर फक्कानच्या बाबतीत तर हे मोजणे फार गरजेचे आहे, कारण इथली गर्दी फसवी आहे. एप्रिल २०१९ मध्ये शारजाहून डोंगरातून येणारा ८९ किलोमीटरचा नवा रस्ता सुरू झाला, पाच बोगदे झाले आणि प्रवास साधारण पाऊण तासावर आला. शुक्रवार ते रविवार समुद्रकिनारा भरतो. शारजात जानेवारी २०२२ पासून तीन दिवसांची साप्ताहिक सुट्टी आहे, त्यामुळे ही गर्दी आणखी ठळक दिसते. पण भाडे सात दिवसांचे द्यायचे असते. उन्हाळ्यातल्या मंगळवारी दुपारी दोन वाजता किनारा कसा असतो, तेही पाहून घ्या. रमजानमध्ये दिवसाचा धंदा रात्रीवर जातो, तोही हिशेबात धरा. शिवाय रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. शारजाचा माणूस जसा इथे येतो, तसा इथला माणूस महिन्याची खरेदी करायला शारजाच्या मोठ्या बाजारातही जातो.

बंदराचेही तसेच. होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या बाहेर, ओमानच्या आखातावर असल्यामुळे इथल्या कंटेनर टर्मिनलला महत्त्व आहे. पण मोठे जहाज लागले म्हणून दुकानात गिऱ्हाईक वाढत नाही. कंटेनर चहा पीत नाहीत. गेटवरून शिफ्ट सुटून पायी येणारी माणसे किती, एवढाच प्रश्न तुमच्या कामाचा.

बाबासाहेबांचा एक निबंध इथे आठवावा. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर लिहिले. त्यात त्यांचे म्हणणे असे की शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. जमीन, भांडवल, श्रम यांचे प्रमाण जुळते आहे की नाही यावरून ठरते. दुकानालाही हे तंतोतंत लागू आहे. लहान दुकान म्हणजे कमी धोका, असे आपण समजतो. पण दोन माणसांच्या कामाला तीन माणसे ठेवली, किंवा सगळे भांडवल सजावटीत घातले आणि माल भरायला पैसा उरला नाही, तर ते दुकान कितीही लहान असले तरी तोट्याचेच.

३. कौशल्य : चहा करता येणे पुरेसे नाही

दुसरे अंग कौशल्याचे. आपल्याकडे हातातले कसब भरपूर आहे. कुणी उत्तम स्वयंपाक करतो, कुणी एसी खोलून जोडतो, कुणी सॉफ्टवेअर लिहितो. पण सुत्तात कौशल्य म्हटले आहे ते खरेदी-विक्रीचे. बिर्याणी उत्तम करता येणे हा एक गुण. रोज तांदूळ कुणाकडून, किती आणि किती उधारीवर घ्यायचा, हा वेगळा गुण. पहिला असणारे बरेच असतात. दुकान टिकते दुसऱ्यावर.

परदेशात या कौशल्यात कायदाही येतो. इथे निदान पुढच्या गोष्टी आधी समजून घ्या.

परवाना आणि मालकी : १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत परदेशी व्यक्तीला कंपनीची पूर्ण मालकी ठेवता येते. त्यापूर्वी ५१ टक्के हिस्सा स्थानिक भागीदाराच्या नावे असावा लागे. त्यामुळे 'दुसऱ्याच्या नावावर दुकान, पैसा आपला' असा कागदाबाहेरचा व्यवहार करण्याचे आज कारण उरलेले नाही. पैसा तुमचा असेल तर नावही तुमचेच असू द्या. घरून डबे देणे, केक विकणे यालाही परवाना लागतो, हे आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावे. नोकरीच्या व्हिसावर राहून दुसरे काम करायचे असेल तर त्याची रीतसर परवानगी काढावी.

कर : बारा महिन्यांची विक्री ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की व्हॅटची नोंदणी सक्तीची. इथे विक्री मोजतात, नफा मोजत नाहीत. गिऱ्हाइकाकडून घेतलेला ५ टक्के व्हॅट तुमचा नसतो. तो सरकारचा पैसा तुमच्या गल्ल्यात काही दिवस मुक्कामाला असतो. कंपनी असेल तर कॉर्पोरेट टॅक्सची नोंदणीही करावी लागते. ३,७५,००० दिरहमपर्यंतच्या करपात्र नफ्यावर कर शून्य आहे, त्यापुढे ९ टक्के. पण कर शून्य आहे म्हणून नोंदणी टाळली तर दंड आहेच.

चेक : दुकानाचे भाडे बहुधा पुढच्या तारखांच्या चेकने द्यावे लागते. जानेवारी २०२२ पासून चेक न वटण्याची बहुतेक प्रकरणे फौजदारीतून निघाली, हे ऐकून काही जण निर्धास्त होतात. पण त्याच बदलाने न वटलेला चेक घेऊन थेट वसुलीच्या न्यायालयात जाण्याची सोय झाली आहे. सही करताना त्या तारखेला खात्यात पैसे कुठून येणार, हे लिहून ठेवा. उत्तर 'येतील कुठून तरी' असे असेल तर सही करू नका.

बंद करण्याची रीत : दुकानाला कुलूप लावले म्हणजे धंदा बंद झाला, असे इथे होत नाही. कामगारांची देणी द्यावी लागतात, त्यांचे व्हिसा रद्द करावे लागतात, परवाना रीतसर रद्द करावा लागतो. ते न केल्यास दंड साचत जातो. म्हणून सुरू करायच्या खर्चाबरोबर बंद करायचा खर्चही पहिल्याच दिवशी कागदावर मांडा आणि तेवढी रक्कम वेगळी ठेवा.

आम्हा आयटीवाल्यांची एक सवय इथे उपयोगी आहे. मोठा बदल एकदम सगळ्यांसाठी चालू करत नाहीत. आधी थोड्या लोकांवर चालवून पाहतात, आणि बिघडले तर मागे कसे यायचे हे आधी ठरवतात. तुम्हीही सहा महिने अशाच धंद्यात कुणाच्या तरी हाताखाली राहून पाहा, किंवा परवानगीच्या चौकटीत लहान प्रमाणात सुरू करा.

चुल्लकसेट्ठी जातकातला तरुण रस्त्यातल्या मेलेल्या उंदरापासून सुरुवात करतो. मांजरासाठी तो विकून मिळालेल्या कवडीमोल पैशाचा गूळ घेतो आणि फुले तोडून थकून आलेल्या माळ्यांना गूळ-पाणी देतो. भांडवल नगण्य होते. पण कुणाला, कुठे, कोणत्या वेळी काय लागते, हे त्याने पाहिले होते.

४. आधार : बाबासाहेबांची कंपनी आणि गंगारामांचा चहा

आता तिसरे अंग, आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने हेच सर्वांत कठीण. सुत्तात आधाराचा अर्थ असा : गावातल्या सधन लोकांना हा दुकानदार ठाऊक असतो. तो डोळस आहे, कुशल आहे, बायको-मुलांना सांभाळून आपले पैसे वेळोवेळी फेडील, अशी त्यांची खात्री असते. म्हणून ते स्वतः भांडवल देऊ करतात.

ज्याच्या बापाचे दुकान होते, त्याला हा आधार जन्मासोबत मिळतो. घाऊक व्यापारी ओळखीचा, मामा बँकेत, शेजारी पहिले गिऱ्हाईक. आपल्यापैकी बहुतेक जण धंद्यातली पहिली पिढी. आपल्या आजोबांना दुकान घालायलाच बंदी होती, आणि घातले असते तर कुणी त्यांच्या हातचे घेतले नसते.

हे किती खरे आहे ते बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या एका प्रसंगातून दिसते. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथून अर्थशास्त्राचा अभ्यास करून ते परतले. बडोद्याच्या नोकरीत राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही, म्हणून मुंबईला आले. शिकवण्या केल्या, आणि शेअरच्या व्यवहारात सल्ला देणारी स्वतःची एक छोटी कंपनी सुरू केली. सुरुवातीला लोक आले. सल्ला देणारा कोण आहे, त्याची जात काय आहे, हे कळल्यावर यायचे थांबले. कंपनी बंद झाली.

थोडे थांबून विचार करा. डोळा होता? मुंबईत त्यांच्याइतके अर्थशास्त्र शिकलेली माणसे मोजकीच असतील. कौशल्य होते? गिऱ्हाईक आले होते, म्हणजे सल्ला उपयोगाचा होता. कमी होता तो आधार, आणि तोही त्यांच्या दोषामुळे कमी नव्हता; जातीने काढून घेतला होता. पापणिक सुत्तातले तिसरे अंग नसेल तर पहिली दोन असूनही दुकान चालत नाही, याचे याहून मोठे उदाहरण सापडणार नाही.

त्याच काळातले दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करायला सांगून पैसे दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. चहा चांगला, जागा चांगली, भांडवल महाराजांचे. तरी कुणी येईना, कारण चहा महाराच्या हातचा.

महाराजांनी तेव्हा आणखी पैसे पाठवले असते तर हॉटेल चालले असते का? नाही. पैसे संपेपर्यंत ते रिकामे उभे राहिले असते. महाराजांनी दुसरे काम केले. स्वारी निघाली की ते गंगारामांच्या हॉटेलसमोर थांबत, सर्वांच्या देखत चहा मागवून पीत आणि सोबतच्या अधिकाऱ्यांनाही पाजत. छत्रपती जिथे चहा पितात तिथे जाण्याची इतरांची भीड मग चेपली.

मदत आणि आधार यांतला फरक या गोष्टीत आहे. भांडवल देणे ही मदत. सर्वांसमोर गिऱ्हाईक होणे हा आधार. भारत सरकारच्या खरेदी धोरणात २०१२ पासून केंद्रीय खरेदीचा ४ टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घेण्याचे उद्दिष्ट ठेवले, त्यामागचे तत्त्वही हेच : नुसते कर्ज देऊन भागत नाही, माल विकत घेणारा हवा.

५. आपण एकमेकांचा आधार कसे व्हावे

आता स्वतःला विचारा. आपल्यातल्या कुणी दुकान काढले की आपण काय करतो? उद्घाटनाला जातो, निळा झेंडा आणि फुले नेतो, फोटो टाकतो. पुढच्या आठवड्यात तिथे जाऊन म्हणतो, 'दादा, आपलाच माणूस आहे, थोडे कमी लाव.' त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणतो, 'पगार झाला की देतो.' आणि शंभर टक्के रोख देऊन खरेदी करतो ती मोठ्या सुपरमार्केटमध्ये, जिथे सूट मागायची सोय नसते.

वरच्या उदाहरणात एका गिऱ्हाइकामागे ५ दिरहम उरत होते. तुम्ही २ दिरहमची सूट मागितली तर ३ उरले. तुमच्यापुरते पाहिले तर दुकानदाराची जवळजवळ अर्धी कमाई तुम्ही मागून घेतलीत. आपल्या माणसाकडे पूर्ण दाम देणे आणि त्याच दिवशी देणे, हा आजच्या काळातला शाहू महाराजांचा चहा आहे.

दुकानदार बंधूंनीही दुसरी बाजू समजून घ्यावी. संस्थेतली २५ कुटुंबे धरा, प्रत्येकी चार माणसे, महिन्यातून दोनदा आली तरी २०० गिऱ्हाइके. तुम्हाला हवीत २,०००. समाज तुम्हाला सुरुवात देऊ शकतो, दुकान चालवू शकत नाही. म्हणून समाज आला नाही यावर रुसून बसू नका, आणि समाज येईल या भरवशावर जागाही घेऊ नका. केरळचा, पाकिस्तानचा, फिलिपिन्सचा, इथला अरब माणूस तुमच्याकडे का येईल, याचे उत्तर तुमच्या मालात आणि वागण्यात असले पाहिजे. परदेशात एक मोकळीक आपल्याला आहे : इथे चहा पिणारा जात विचारत नाही. बाबासाहेबांना जी मुंबईत मिळाली नाही ती ही मोकळीक; तिचा उपयोग करा.

समाजातून भांडवल घ्यायचे असेल तर लिहून घ्या. किती, कधी परत, तोटा झाला तर काय. सुत्तातला दुकानदार 'वेळोवेळी फेडतो' म्हणूनच त्याला पुढचा पैसा मिळतो. तुम्ही एकाचे बुडवले तर तुमच्यानंतर येणाऱ्या दहा होतकरू तरुणांचा आधार तुम्ही काढून घेतलात.

मिळकतीचे काय करावे, हे सिगालोवाद सुत्तात आहे : चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात, आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा. ग्रॅच्युइटीलाही हीच शिस्त लावा. एक लाख दिरहम हाती आले तर धंद्यात पन्नास हजारांपलीकडे जाऊ नका, आणि त्या पन्नासातले निम्मे पहिल्या सहा महिन्यांच्या भाडे-पगारासाठी ठेवा. धम्मकार्यासाठी विसावा हिस्सा देण्याची बाबासाहेबांची शिकवण आपण पाळतो. पण तो हिस्सा नफ्यातून द्यायचा असतो. कामगाराचा पगार थकवून दिलेल्या दानाला दान म्हणता येत नाही.

६. कोणता नफा नको

अंगुत्तर निकायातच उपासकाने न करण्याचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. शारजात दारूविक्रीला बंदीच आहे, त्यामुळे तो मोह इथे कमी. मांसाबद्दल, विशेषतः हॉटेलच्या धंद्यात, आपल्यात मतभेद आहेत. त्यावर चर्चावर्गात मोकळेपणाने बोलावे.

'प्राणिमात्रांचा व्यापार' याबद्दल मात्र आखातात राहून गप्प बसता येत नाही. यात माणसांची खरेदी-विक्रीही येते. धंदा मंदावला की एक सोपा मार्ग दाखवला जातो : परवान्यावर कामगारांच्या जागा शिल्लक आहेत, गावाकडच्या पोरांकडून लाख-दीड लाख रुपये घे आणि व्हिसा दे. इथल्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च कामगाराकडून घेणे बेकायदा आहे. तो मालकाने करायचा असतो. आणि कायद्याचे सोडा. तो पोरगा आईचे मंगळसूत्र गहाण टाकून येतो आणि दोन वर्षे त्या कर्जाखाली राबतो. ज्यांच्या पूर्वजांनी वेठबिगारी भोगली त्यांनी या पैशाला नफा म्हणू नये.

७. थांबावे लागले तर

अनाथपिंडिकाला उपदेश करताना भगवान बुद्धांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : धन असण्याचे, त्याचा उपभोग घेण्याचे, ऋण नसण्याचे आणि निर्दोष जगण्याचे. धंदा चालवण्यासाठी एका कर्जावर दुसरे कर्ज, क्रेडिट कार्डावर पर्सनल लोन, असे सुरू झाले की तिसरे सुख गेले, आणि चौथेही धोक्यात येते. म्हणून दुकान उघडण्यापूर्वीच एक रेषा आखा : राखीव रक्कम इतकी खाली आली की थांबायचे. ही रेषा जोडीदाराला दाखवा, तिच्यावर दोघांची सही घ्या. तोटा सुरू झाल्यावर आखलेली रेषा रोज थोडी थोडी पुढे सरकते.

थांबणे म्हणजे संपणे नव्हे. कंपनी बंद पडल्यावर बाबासाहेबांनी १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडन गाठले. एका बंद पडलेल्या कंपनीवरून त्यांनी स्वतःची किंमत केली नाही.

आपल्यात मात्र धंदा बसलेला माणूस वंदनेला यायचा बंद होतो. लोक काय म्हणतील, देणेकरी भेटतील, म्हणून तो फोन उचलत नाही. अशा वेळी त्याच्या घरी जाणे हे कल्याणमित्राचे काम आहे. सल्ला द्यायला जाऊ नका. जेवायला बोलवा, कागदपत्रे लावायला मदत करा, नोकरीची ओळख काढून द्या. उद्घाटनाला गेलेल्यांपैकी निदान दोघांनी तरी त्या दिवशी जायला हवे.

चर्चावर्गासाठी

१. तुमच्या मनातल्या धंद्याचा महिन्याचा ठरलेला खर्च किती? तो भरून काढायला दिवसाला किती गिऱ्हाइके लागतील? कागदावर मांडून आणा.

२. डोळा, कौशल्य आणि आधार यांपैकी तुमच्याकडे आज कोणते अंग सर्वांत कच्चे आहे? ते भरून काढायला सहा महिन्यांत काय कराल?

३. मागच्या तीन महिन्यांत आपल्या समाजाच्या दुकानदाराकडून तुम्ही पूर्ण दाम देऊन काय घेतले?

४. धंदा थांबवलेला आपला कुणी बांधव अलीकडे दिसला नाही का? त्याच्याकडे कोण जाणार, आणि कोणत्या दिवशी?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वर्गातच ठरवा आणि त्याच आठवड्यात अमलात आणा. बाकीचे तीन घरी नेले तरी चालतील.

नमो बुद्धाय! जय भीम!